दहा सेकंदांचा दम

२००४ साली कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही तासाला पंधरा रुपये देऊन नेट कॅफेत ‘नीड फॉर स्पीड : अंडरग्राउंड’ खेळायचो. तो गेम खेळलेल्यांना नायट्रसचं बटण आठवत असेल. ते दाबलं की रस्त्यावरचे दिवे लांबट व्हायचे, गाडी पुढे झेपावायची आणि कोपऱ्यातली पट्टी सरसर उतरायची. पुढच्या शर्यतीला बाटला पुन्हा भरलेला असायचा. माझी गाडी ठरलेली होती : माझदा आरएक्स-७. तिच्या इंजिनात पिस्टन नसतात एवढंच मला माहीत होतं आणि तेवढ्यावर मी मित्रांमध्ये भाव खायचो.

२००७ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात मी आणि माझ्या रूममेटनं खऱ्या आरएक्स-७ मध्ये नायट्रसचा खरा बाटला बसवला. गाडी त्याची होती, कल्पना माझी होती. चौथ्या फेरीत इंजिन गेलं.

आपण नेमकं काय मोडलं हे समजून घ्यायला मला पुढची काही वर्षं वाचावं लागलं. तो वायू कुठून आला, ते इंजिन कुठून आलं, आणि दोघांची गाठ घालताना आम्ही कुठे चुकलो, हे सगळं त्या वाचनातून हळूहळू उलगडलं. तेच इथे सांगतोय.

हसवणारा वायू

नायट्रस ऑक्साइड म्हणजे शाळेच्या पुस्तकातला ‘हास्यवायू’. १७७२ साली इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टलीनं तो पहिल्यांदा तयार केला. पण त्याची खरी गोष्ट सुरू होते ब्रिस्टल शहरात, थॉमस बेडोज नावाच्या डॉक्टरपाशी. वेगवेगळे वायू हुंगवून क्षयासारखे आजार बरे होतील, असं बेडोजला वाटायचं. त्याच्यासाठी वायू तयार करण्याची आणि रुग्णाला देण्याची उपकरणं कुणी बनवली? वाफेच्या इंजिनाच्या जेम्स वॅटनं. वॅटची मुलगी जेसी १७९४ मध्ये क्षयानं गेली होती. त्यानंतर तो या कामात पडला. म्हणजे या वायूच्या अगदी सुरुवातीलाच एक इंजिनवाला माणूस उभा आहे, आणि तो तिथे वेगासाठी आलेला नाही. आपल्या मुलीला जो श्वास मिळाला नाही, तो दुसऱ्या कुणाला तरी मिळावा म्हणून आलाय.

बेडोजच्या संस्थेत हंफ्री डेव्ही नावाचा वीस वर्षांचा पोरगा प्रयोग करायला होता. १७९९ मध्ये त्यानं हा वायू स्वतःवर करून पाहिला. रेशमी पिशवीतून हुंगायचा, काय वाटलं ते लिहून ठेवायचं, पुन्हा हुंगायचा. कोलरिज आणि सदी हे कवीही येऊन हुंगून गेले. १८०० साली डेव्हीनं यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. या वायूनं वेदना थांबते, तेव्हा शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग करता येईल, असं त्यात एके ठिकाणी नोंदवलेलं आहे. पण ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढची चाळीसेक वर्षं हा वायू जत्रांमध्ये आणि खेळांमध्ये फिरला. तिकीट काढा, हुंगा, स्टेजवर वेडेवाकडे नाचा.

असाच एक खेळ डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावात झाला. वायूच्या तारेत एका माणसाचा पाय चांगलाच सोलवटला, पण त्याला पत्ताच नाही. प्रेक्षकांत बसलेल्या होरेस वेल्स या दातांच्या डॉक्टरनं ते नेमकं टिपलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं तो वायू घेऊन स्वतःचा एक दात उपटून घेतला. पुढे हा वायू दवाखान्यात गेला आणि ऑपरेशन थिएटरमध्ये तो आजही आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या वायूत वजनानं ३६ टक्के ऑक्सिजन असतो. हवेत असतो २३ टक्के. तरीही माणूस नुसत्या नायट्रसवर जगू शकत नाही, गुदमरून मरतो. कारण त्याच्या रेणूतला ऑक्सिजन नायट्रोजनला घट्ट धरून असतो आणि आपल्या फुप्फुसांना तो सोडवता येत नाही. म्हणून डॉक्टर त्याच्यासोबत ऑक्सिजन वेगळा देतात.

फुप्फुसाला जे जमत नाही ते इंजिनाच्या आतल्या उष्णतेला जमतं. तिथे हा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो.

हवा विरळ होते तेव्हा

इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे जास्त पेट्रोल घालायचं, असं आपल्याला वाटतं. पेट्रोल कितीही घालता येतं हो, ते जाळायला ऑक्सिजन कुठून आणणार? इंजिन शेवटी हवेवर अडतं.

ही अडचण सगळ्यात आधी जिवावर बेतली ती विमानांच्या. वर जावं तशी हवा विरळ होते आणि इंजिनाला धाप लागते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलानं यावर उपाय म्हणून काही विमानांत द्रवरूप नायट्रस ऑक्साइडच्या टाक्या बसवल्या. या व्यवस्थेचं नाव होतं ‘जीएम-१’. फार उंचीवर, जिथे सुपरचार्जरचाही जोर संपतो, तिथे वैमानिक हा वायू इंजिनात सोडायचा. ब्रिटिशांनीही काही मॉस्किटो विमानांत हेच केलं. फायदा दुहेरी होता. एक तर जास्तीचा ऑक्सिजन, आणि दुसरं म्हणजे हा द्रव शून्याखाली ८८ अंशांना उकळतो, त्यामुळे बाहेर पडताक्षणी आतली हवा थंडगार करतो. थंड हवा दाट असते.

पण टाकीचं वजन विमानाला वाहून न्यावं लागायचं आणि वायू पुरायचा काही मिनिटं. मागे लागलेल्या शत्रूपासून सुटायला किंवा पुढच्याला गाठायला तेवढी मिनिटं पुष्कळ होती. पण सगळा प्रवास काही त्याच्यावर करता येत नव्हता.

युद्ध संपलं, लढाऊ विमानांत जेट इंजिनं आली आणि ही युक्ती जमिनीवर उतरली. अमेरिकेतल्या गाड्यांच्या शर्यतींत ती चोरून वापरली जाऊ लागली. १९७६ च्या डेटोना ५०० शर्यतीच्या पात्रता फेरीत नायट्रसवरून नामवंत चालकांच्या वेळा रद्द झाल्या. मग १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स’ ही कंपनी निघाली. तिच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे ‘नॉस’. गेममुळे आणि ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ सिनेमामुळे तुमच्या-माझ्या तोंडी बसलेला शब्द तो हाच.

गाड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या नायट्रसमध्ये अगदी थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असतो. कुणी हुंगायला गेलंच तर नाकाला झोंबावा म्हणून. दोनशे वर्षांच्या प्रवासात हास्यवायूतलं हसू असं मुद्दाम काढून टाकावं लागलं.

पिस्टन नसलेलं इंजिन

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनं बांधायचं काम करतात. ट्रॅक्टर, टेम्पो, शेतावरची ऑइल इंजिनं. धूर मारणारं इंजिन यायचं, पप्पा ते खोलायचे, पिस्टनच्या रिंगा काढून बोटांवर फिरवून बघायचे. “ताकद पेट्रोलमध्ये नसते रे,” ते म्हणायचे, “ती या रिंगेत असते. हिनं धरलं तर ताकद. सोडलं तर धूर.” गोल पिस्टन, गोल सिलिंडर आणि गोल रिंग. गोलाला गोल बसवायचं, तरीसुद्धा आयुष्यभर पुरेल एवढं काम त्यांना मिळालं.

आता कल्पना करा की पिस्टन गोल नाही, फुगीर बाजूंचा त्रिकोण आहे. तो वर-खाली जात नाही, फिरतो. आणि ज्यात फिरतो ती पोकळी कमरेत किंचित दबलेल्या लंबगोलासारखी आहे. त्रिकोणाची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली. त्यामुळे आत तीन कप्पे तयार होतात आणि त्रिकोण फिरतो तसा प्रत्येक कप्पा लहान-मोठा होत राहतो. हवा आत ओढणं, दाबणं, जाळणं, धूर बाहेर टाकणं हे सगळं त्या एकाच फिरण्यात उरकतं. झडपा लागत नाहीत, कनेक्टिंग रॉड लागत नाहीत. आतला त्रिकोण म्हणजे रोटर. तो एक फेरी मारतो तेव्हा मधला शाफ्ट तीन फेऱ्या मारतो. इंजिन छोटं, हलकं आणि शिवणयंत्रासारखं गुळगुळीत चालणारं.

हे स्वप्न पाहिलं फेलिक्स वँकेल या जर्मन माणसानं. जन्म १९०२ चा. विद्यापीठाची पदवी नाही, नजर इतकी अधू की गाडी चालवायचा परवाना त्यानं कधी काढला नाही. तो नाझी पक्षाचा जुना सदस्य होता आणि पक्षातल्याच भांडणातून १९३३ मध्ये तुरुंगातही गेला होता. महायुद्धात तो जर्मन हवाई दलासाठी काम करत होता. कशावर? विमानांच्या इंजिनातल्या फिरत्या झडपांवर आणि त्यांच्या सीलवर, म्हणजे दाब धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर. हे वाचलं तेव्हा मी जरा थांबलो. एकाच हवाई दलात एकीकडे इंजिनाला उसना श्वास पुरवायची खटपट चालू होती, तर दुसरीकडे एक माणूस इंजिनाचा श्वास गळू नये म्हणून डोकं लढवत होता. माझ्या गोष्टीतल्या दोन्ही बाजू तिथे एकाच छपराखाली होत्या.

युद्धानंतर एनएसयू या जर्मन कंपनीनं वँकेलला हाताशी धरलं. १ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याचं पहिलं इंजिन चाललं. १९६७ मध्ये एनएसयूची ‘आरओ ८०’ ही गाडी आली. १९६८ ची युरोपातली ‘कार ऑफ द इयर’ ठरली आणि कंपनीला घेऊन बुडाली. रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या झिजायच्या, तुटायच्या. वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता एनएसयू खंगली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली.

पप्पांचंच म्हणणं खरं ठरलं होतं. सगळं रिंगेवर होतं. इथे फरक एवढाच की रिंगेऐवजी तीन टोकांवर तीन बारक्या सरळ पट्ट्या होत्या. त्यांना अ‍ॅपेक्स सील म्हणतात.

सत्तेचाळीस जण

६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा तोयो कोग्यो नावाचा कारखाना मधल्या हिजियामा टेकडीमुळे बऱ्यापैकी वाचला. हिरोशिमा प्रांताची कचेरी उरली नव्हती, म्हणून प्रांताच्या प्रशासनाचा कारभार काही काळ याच कारखान्याच्या आवारातून चालला. तीनचाकी मालवाहू गाड्या बनवणारी ही कंपनी म्हणजे आजची माझदा.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपान सरकारच्या मनात छोट्या मोटार कंपन्या मोठ्यांत विलीन करायचं होतं. वेगळं टिकायचं तर आपल्याकडे दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी हवं, असं माझदाचे प्रमुख त्सुनेजी मात्सुदा यांना वाटलं. त्यांनी एनएसयूशी करार केला आणि रोटरी इंजिन हिरोशिमाला आणलं.

आल्यावर लक्षात आलं की ते टिकत नाही. १९६३ मध्ये केनइची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअरांचा एक विभाग तयार झाला. जपानच्या इतिहासात आपल्या धन्यासाठी प्राण देणाऱ्या ४७ सामुरायांची गोष्ट प्रसिद्ध आहे. या लोकांनाही तेच नाव चिकटलं. आणि त्यांच्या शत्रूलाही त्यांनी नाव दिलं होतं : सैतानाच्या नखांचे ओरखडे. काही तास इंजिन चालवलं की पोकळीच्या आतल्या भिंतीवर बारीक लाटांसारख्या खुणा उमटायच्या. पट्टी भिंतीवरून नुसती घसरत नव्हती, थरथरत जात होती. फळ्यावर खडू चुकीच्या कोनात धरला की करकरत उड्या मारतो, तशी. थोड्याच वेळात भिंत खराब, इंजिन निकामी.

वर्षं गेली. या लोकांनी पट्ट्यांसाठी नाना तऱ्हेचे पदार्थ करून पाहिले. उलगडा झाला तो कंपनांचा विचार केल्यावर. पट्टीची स्वतःची एक कंपनसंख्या असते. टोकाजवळ आडवी-उभी पोकळी ठेवून ती बदलली आणि ओरखडे गायब झाले. शेवटी प्रत्यक्ष गाडीसाठी त्यांनी कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनिअम मुरवून पट्टी बनवली. ३० मे १९६७ ला ‘कॉस्मो स्पोर्ट’ बाजारात आली.

ही टिकते हे लोकांना पटवायला माझदानं काय करावं? १९६८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर चौऱ्याऐंशी तास अखंड चालणाऱ्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरवल्या. एक शेवटच्या टप्प्यात मोडली, पण इंजिनामुळे नाही, अ‍ॅक्सलमुळे. दुसरी चौथी आली.

मला वाटतं, या सगळ्या इतिहासात माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. नायट्रसवाले सेकंद मोजतात. या लोकांनी तास मोजले. चौऱ्याऐंशी तास.

पुढचंही थोडक्यात सांगतो. १९७३ च्या तेलसंकटानं पेट्रोल पिणाऱ्या रोटरीचा कणा मोडला आणि कंपनी बँकेच्या आधारानं उभी राहिली. १९७८ मध्ये पहिली आरएक्स-७ आली आणि रोटरी पुन्हा जिवंत झाली. योगायोग असा की ‘नॉस’ कंपनीही त्याच वर्षीची. १९९१ मध्ये चार रोटरच्या माझदा ७८७बी गाडीनं ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. ती शर्यत जिंकणारी ही पहिली जपानी कंपनी. तीसुद्धा तासांचीच शर्यत, हे विसरू नका. २००२ मध्ये आरएक्स-७ चं उत्पादन बंद झालं.

आमची गाडी

आमची गाडी १९९० ची, दुसऱ्या पिढीतली, बिनटर्बोची. १.३ लिटर, दोन रोटर, १६० अश्वशक्ती. रूममेट सांगलीचा. त्यानं वर्षभर कॅम्पसवरच्या कॅन्टीनमध्ये काम करून २२०० डॉलर साठवले आणि ती घेतली. तो ती हळू चालवायचा. रविवारी धुवायचा. मीच त्याच्या मागे लागलो, “भावा, नायट्रस लावूया. पन्नासचा छोटा शॉट. काही होत नाही.”

जुनं किट मिळालं. बसवायला दोन शनिवार-रविवार गेले. बाटला मागच्या मोठ्या काचेखाली, तिरका, व्हॉल्व्ह पुढच्या बाजूला. तिथून स्टीलच्या जाळीची नळी गाडीच्या पोटाखालून, सायलेन्सरपासून लांब ठेवत पुढे आणली. दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह, एक नायट्रससाठी, एक जास्तीच्या पेट्रोलसाठी. हवा आत जाते त्या पाइपाला भोक पाडून एक नोझल. दोन्ही नळ्यांत मापाची बारीक भोकं असलेली जेट. डॅशबोर्डवर एक बटण, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरच सुरू होणारा एक छोटा स्विच. आपल्या हातांनी केलेली वायरिंग पहिल्याच फटक्याला चालली याचा आनंद मी अजून विसरलेलो नाही.

या प्रकारात खरा धोका नायट्रसचा नसतो, पेट्रोलचा असतो. जास्तीचा ऑक्सिजन आला की त्या प्रमाणात पेट्रोलही यायलाच हवं. ते कमी पडलं तर आतलं तापमान भडकतं आणि मिश्रण ठिणगीची वाट न बघता आपोआप, धडाक्यानं पेटतं. पिस्टनचं इंजिन असलं तडाखे काही काळ सोसतं. रोटरीतल्या त्या दोन मिलिमीटर जाडीच्या ओतीव पट्ट्या सोसत नाहीत. म्हणून रोटरीला नायट्रस लावणारे जाणकार लोक ठिणगी दोन-चार अंश उशिरा टाकतात, थंड प्रकारचे स्पार्क प्लग घालतात, पेट्रोलचा दाब पडला तर नायट्रस आपोआप बंद होईल असा स्विच लावतात. आणि सगळ्यात आधी इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजतात. असं नीट करणाऱ्यांची इंजिनं चालतात. आम्ही यातले फक्त प्लग बदलले होते.

शहराबाहेर चारशे मीटरच्या सरळ शर्यतीचा रस्ता होता. शुक्रवारी संध्याकाळी पैसे भरून कुणीही गाडी पळवू शकायचा. जूनमधलं अ‍ॅरिझोना. गाडी दुपारभर उन्हात उभी होती आणि बाटला त्या काचेखाली. नायट्रस साधारण ३६ अंशांपर्यंतच द्रव राहू शकतो. त्याच्या वर कितीही दाबला तरी तो द्रव होत नाही, दाब मात्र वाढत जातो. मीटरवर साडेबाराशे पीएसआय दिसत होते. असायला हवे होते हजाराच्या आत-बाहेर. मला वाटलं, बरंच झालं, जास्त दाब म्हणजे जास्त दम. जास्त दाबामुळे त्याच भोकातून नायट्रस जास्त येणार आणि पेट्रोल मात्र होतं तेवढंच राहणार, हे डोक्यात आलं नाही. शेजारच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मीटर बघितला. त्याच्या स्वतःच्या बाटल्यावर ओला टॉवेल गुंडाळलेला होता. “हा थंड होऊ द्या आधी,” तो म्हणाला. आम्ही मान डोलावली आणि रांगेत पुढे सरकलो.

पहिली फेरी नायट्रसशिवाय : १६.४ सेकंद. दुसरी नायट्रसनं : १५.२. तिसरी : १५.१. खाली आल्यावर रूममेट हसत होता. तो फार कमी हसायचा. चौथ्या फेरीला मी म्हणालो, “मला चालवू दे.”

दुसऱ्या गिअरमध्ये बटण चालू झालं. पाठ सीटमध्ये रुतली. ते दहाएक सेकंद गेममधल्यापेक्षा कितीतरी चांगले होते, हे खोटं सांगून उपयोग नाही. मग कुणीतरी बोनेटवर हातोडीनं एकदा टक केल्यासारखा आवाज आला, बस. गाडी ओढायची थांबली. मोठा स्फोट नाही, आग नाही. कडेला घेतली तेव्हा इंजिन लंगडत फट-फट करत होतं आणि मग बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी स्पार्क प्लग काढून स्टार्टर मारला. धड रोटरीतून सारख्या जोराचे तीन-तीन फुसकारे येतात, फुस-फुस-फुस. पुढच्या रोटरमधून एक जोराचा येत होता आणि दोन नुसत्या उसाशासारखे. एक पट्टी दोन कप्प्यांच्या मध्ये असते. ती गेली की दोन्ही जातात.

रात्री घरी फोन केला. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मी वायू, दाब, तापमान सगळं इंजिनिअरच्या भाषेत समजावून सांगितलं. ते म्हणाले, “आधी कॉम्प्रेशन बघितलं होतंस का?”

नव्हतं बघितलं.

पट्टी

इंजिन आम्ही भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये खोललं. तुटलेल्या पट्टीचा मोठा तुकडा खाचेत होता. छोटा तुकडा भिंतीला खरवडत बाहेर निघून गेला होता. क्रोमच्या गुळगुळीत भिंतीवर खोल चर पडला होता. हे ते सैतानाचे ओरखडे नव्हेत. ते कंपनांनी पडायचे आणि यामामोतोंच्या लोकांनी ते मिटवले होते. हा चर आमचा होता.

उरलेल्या पट्ट्याही बऱ्याच झिजलेल्या निघाल्या. म्हणजे इंजिन मुळातच थकलेलं होतं. आज ना उद्या गेलंच असतं, असं रूममेट म्हणाला. मला बरं वाटावं म्हणूनच म्हणाला असणार. जपून चालवलं असतं तर ते अजून दोनेक वर्षं त्याला कॅम्पसवर नेत-आणत राहिलं असतं. नवं इंजिन बसवायची दोघांची ऐपत नव्हती. त्यानं गाडी होती तशी चारशे डॉलरला विकली. बाकीच्या पैशांतले अर्धे मी आठ महिन्यांत फेडले. तो एकदाही काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

पट्टीचा तुकडा मी सुट्टीत कोल्हापूरला आणला. पप्पांनी तो कॉटनवेस्टनं पुसला, व्हर्निअरनं मापला, प्रकाशात धरून तुटलेली कडा बघितली. मी त्यांना हिरोशिमाची गोष्ट सांगितली, ४७ जणांची, फळ्यावरच्या खडूसारख्या थरथरणाऱ्या पट्टीची. वायूची गोष्टही सांगितली, पण तिच्यात त्यांना फारसा रस वाटला नाही.

“एवढ्याशा पट्टीसाठी किती वर्षं म्हणालास?”

“विभाग सुरू झाल्यापासून गाडी बाजारात येईपर्यंत चार.”

“सत्तेचाळीस जण?”

“हो.”

त्यांनी तो तुकडा ड्रॉवरमध्ये ठेवला. तिथे गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेल्या तुटक्या रिंगा असतात, कुठल्या चुकीनं काय होतं ते सांगायला. तो अजून तिथेच आहे. कुणी विचारलं तर पप्पा सांगतात की ही जपानी गाडीची पट्टी आहे, माझ्या पोरानं मोडली.